चिंचेचा महिना

तक्रार होती, म्हणून गेलो.
रेणापूर तालुका, धानोरवाडी, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा.
"पाढे सोडून पोरं चिंचा फोडतात",
खाली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही:
वैजनाथअप्पा, आडत दुकान, चिंचेचा खरेदीदार.

माझ्याजवळ चार पानी प्रपत्र.
विषय. घटक. तासिका. साध्य, अंशतः साध्य, असाध्य.
डोईफोडे मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिलेला,
महिनाभर पुसलेला नव्हता.

विचारलं, आत्ता कोणता तास चालू आहे?
पोरं एकमेकांकडं बघत राहिली.
"चिंचेचा," मागून कुणीतरी म्हणालं.
रकाना सापडेना. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

भिंतीवर तक्ता: जुबेरच्या घरी इमली,
तांड्यावरच्या ललिताच्या घरी आमली,
खाली चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, डिंकानं चिकटवलेले,
त्यातले दोन उंदरानं नेलेले.
(पट मांडला की तिथं शंभराऐवजी ऐंशी भरतात,
आणि हे पोरांना ठाऊक आहे.)

एका मुलीनं मला विचारलं,
"सर, कच्चीही नाही, पिकलीही नाही, तिला काय म्हणतात?"
मी म्हणालो, अंशतः...
"गाभुळलेली," ती म्हणाली, आणि वर्ग हसला.
बावीस वर्षं मी तो रकाना भरतोय,
त्याला इतका नेमका शब्द होता,
आणि तोंडाला पाणी सुटणारा.

मग मी माझं काम केलं.
चौथीच्या तेवीस जणांना हातच्याची वजाबाकी घातली.
सात जणांना आली नाही.
जुबेरनं तीनशे दोनमधून अठ्ठेचाळीस वजा करून
तीनशे सेहेचाळीस काढले आणि माझ्याकडं आशेनं बघितलं.
मॅडमनी मान खाली घातली नाही.
"चिंच त्याच्यापर्यंत पोचली, सर. वजाबाकी नाही पोचली.
ते लिहा."
लिहिलं.

शेवटी शिवकन्या घोडके उभी राहिली, वही घेऊन.
तिची आई अप्पांच्या गोदामात चिंच फोडायला जाते,
बारा रुपये किलो.
तिथल्या तराजूत दोन किलोचा म्हणून एक दगड असतो.
तो दगड जुबेरनं जेवणाच्या सुट्टीत आणला होता
आणि गुपचूप नेऊन ठेवला होता.
शाळेच्या गणित पेटीतल्या वजनांना तो सव्वादोन भरला.
"दिवसाला आई नऊ वेळा मापून देती.
नऊ पाव म्हंजे सव्वादोन किलो.
सत्तावीस रुपये रोजचे."
तिनं उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या,
जशा मॅडम शिकवतात.

वर्गात कुणी बोललं नाही.
बाहेर शाळेचं चिंचेचं झाड पानगळीत खरखरत होतं.
हे गणित? परिसर अभ्यास?
की तक्रारीचं उत्तर?
मी विचारलं, "कामून मापलंस गं?"
"तास चिंचेचा होता," ती म्हणाली.

निघताना अप्पांचा फोन, चहाला या.
गेलो. गोदामात बाया गोल करून बसलेल्या,
बोटं काळपट तपकिरी, कुणाचंच लक्ष माझ्याकडं नाही.
तराजू दारातच. दगड तिथंच.
एवढ्याशा दगडाकडं इतका वेळ कुणी बघत नाही,
म्हणून अप्पा मला बघू लागले.
"काय मग, शिकवतात का काही?"
"शिकवतात," मी म्हणालो. चहा संपवला.
एवढंच म्हणालो, हेही नोंदवतो.

रात्री शेवटच्या पानावर, 'इतर निरीक्षणे' इथं:
शाळेतील वजनमापे तपासली, प्रमाणित आढळली.
गावातील इतर वजनमापे संबंधित खात्याने तपासावीत.
सात विद्यार्थ्यांना वजाबाकीसाठी जादा तास द्यावेत.
एकूण शेरा: साध्य खोडलं. असाध्य खोडलं.
मधल्या रकान्यासमोर
तो शब्द लिहिला, आणि वरिष्ठांना कळेल का,
या विचारानं थोडा वेळ दात आंबले.